त्रिकोणी गादी

नवऱ्याने व्हीआरएस घेतली आणि आम्ही कोकणातल्या एका खाडीत शिडाची जुनी बोट विकत घेतली, राहण्यासाठी. नाशिकचा फ्लॅट भाड्याने देऊन पुढची वर्षं पाण्यावर काढायची, असं आमचं ठरलं होतं. तो तिकडे बोटीला रंग देत होता आणि आतलं सामान घ्यायला मी नाशिकला आले होते. सामान नेणारा ट्रक संध्याकाळी द्वारका चौकातून सुटणार होता.

व्हॅन थोरल्या जाऊबाईंची, चालवणाऱ्याही त्याच. बोटीचं खूळ त्यांना मुळीच पटलेलं नव्हतं.

"या वयात लोक जिना नको म्हणतात, आणि तुम्ही शिडीने घरात उतरणार," असं पिंपळगाव येईपर्यंत त्यांनी मला दोनदा ऐकवलं. पण गाडी त्यांनी न मागता काढली होती.

पिंपळगावच्या एका द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये भिंतीचं जाड थर्माकोल उरलं होतं. बोटीवर फ्रीज चालणार नव्हता, म्हणून त्या थर्माकोलची बर्फाची पेटी करायची होती.

"न्या ताई, लय दिवस पडून हाय," तिथला मुकादम म्हणाला. "पण बोटीत काय ठेवणार पेटीत?"

"मासे," मी म्हटलं. जाऊबाई माळकरी. त्या तडक व्हॅनमध्ये जाऊन बसल्या आणि माझ्याशी ओझरपर्यंत बोलल्या नाहीत.

अंबडला पाण्याची स्टीलची टाकी तयार होती, बोटीच्या पोटात बसावी म्हणून एका अंगाने तिरकी. कारखान्यात ती काठोकाठ भरून दाखवली. जाऊबाईंनी स्वतः खालून हात फिरवला, तो कोरडा निघाला. टाकी रिकामी करून व्हॅनमध्ये चढवली. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

मग आम्ही मेन रोडमागच्या गादीवाल्याकडे गेलो. बोटीचं टोक निमुळतं, झोपायची जागा तिथेच, म्हणून नवऱ्याने वर्तमानपत्रं चिकटवून त्या जागेचा कागदी नमुना पाठवला होता. गादीवाल्याने गादी केली होती लांबरुंद, चौकोनी.

"काकू, मला वाटलं कागद फाटलाय," तो म्हणाला. "त्रिकोणात कुणी झोपतं का?"

त्याचा कारागीर जेवायला गेला होता आणि दुरुस्ती उद्याशिवाय होणार नाही असं त्याचं म्हणणं होतं. तेवढ्यात जाऊबाईंनी पदर खोचला आणि नमुना गादीवर पसरला. आयुष्यभर घरातल्या सगळ्यांचे कपडे त्यांनीच शिवलेले.

"खांदे रुंद, पाय अरुंद. निमुळतं टोक पायाकडे. यात न कळण्यासारखं काय आहे? खडू द्या."

"अहो, पण कारागीर..."

"त्याला जेवू द्या. मशीन तर जेवायला गेलं नाही ना?"

त्यांनी खुणा केल्या, गादीवाल्याने मुकाट्याने फोम कापला. मग त्या स्वतः मशीनवर बसल्या आणि मी कापड धरून उभी राहिले. शेजारचे दुकानदार बघायला आले. शेवटची शिवण पडली तेव्हा जाऊबाईंनी गादी दुकानाच्या ओट्यावर टाकली, चपला काढल्या आणि भर बाजारात तिच्यावर सरळ आडव्या झाल्या. डोळे मिटून थोडा वेळ पडून राहिल्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण यावर तुम्ही दोघं. मी आले की कुठं झोपायचं?"

"तुम्ही येणार, वहिनी?"

"शिवून दिलंय तर बसलंय कसं ते बघायला नको?"

गादी व्हॅनच्या टपावर बांधून आम्ही द्वारका गाठली. ट्रकवर दोर आवळणं चाललं होतं. जाऊबाईंनी व्हॅन थेट ट्रकच्या पुढ्यात आडवी लावली आणि टाकी, थर्माकोल, गादी, सगळं चढेपर्यंत किल्ली हातात ठेवली.

समोरच्या बूथवरून मी खाडीकाठच्या दुकानात फोन लावला. नवरा तिथे वाट बघत होता.

"सगळं निघालं," मी म्हटलं. "आणि बोटीतल्या मधल्या बाकावर आणखी एक गादी लागणार आहे. माप घेऊन ठेव."

"कुणासाठी?"

जाऊबाईंनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "बाक जरा रुंद करा."