आबांनी ऐकलेला उजेड

माझे वडील, आमचे आबा, गारगोटीत शिवणकाम करायचे. काचबिंदूनं त्यांची नजर गेली तेव्हा मी कोल्हापुरात रसायनशास्त्रात संशोधन करत होते. विषय माझ्या मार्गदर्शक मॅडमनी दिलेला: डोळ्याच्या पडद्यासारखं वागणारं पॉलिमर. आपल्या डोळ्यातलं रंगद्रव्य उजेड पडला की बदलतं आणि मेंदूकडं संदेश जातो. तसलंच रंगद्रव्य पॉलिमरला जोडायचं, काचेवर त्याचा पातळ पापुद्रा चढवायचा आणि उजेडानं त्यातून जाणारी वीज वाढते का, ते बघायचं.

आबांनी एवढंच धरलं, की लेक डोळा बनवते. गल्लीभर सांगून मोकळे झाले. त्यांना खरं सांगायचा मला धीर होईना.

पावसाळ्यात तर पापुद्रेच जमेनात. हवेतल्या ओलीनं पांढुरके पडायचे आणि वाया जायचे. कोरडा वायू भरलेली बंद पेटी आमच्या विभागात एकच, तिथं नंबर लागलेले. शेजारच्या टेबलावर जयसिंगपूरची एक सीनियर काम करायची. तिचा स्वतःचा प्रबंध तोंडावर आलेला. एका सकाळी माझा रडवेला चेहरा बघून ती म्हणाली, "माझ्या पाळीत तू बस. माझं मी बघते." नुसती पाळी दिली नाही, तर पेटीच्या जाड हातमोज्यांतून काच कशी धरायची तेही शिकवलं. त्या आठवड्यात पहिला नितळ पापुद्रा निघाला.

वीज वाढली की आवाज चढेल, असा छोटा भोंगा आम्ही त्याला जोडला. मॅडम म्हणाल्या, "वडलांना घेऊन ये की."

आबा आले. दिवा लावला, तसा भोंग्याचा आवाज चढला. मी त्यांचा हात दिवा आणि काचेच्या मध्ये धरला, आवाज उतरला. मग ते आपणच हात हलवायला लागले.

शेवटी मी बोलले, "आबा, ह्यानं तुमास्नी दिसायचं न्हाय."

"ठावं हाय मला. डॉक्टरनी कवाच सांगितलंय."

"मग गल्लीत का सांगत होता?"

"पोरगी एवढी शिकती, लोकास्नी कायतरी सांगाय नको व्हय?"

मॅडमसकट सगळे हसले. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. ओझं मी एकटीच वाहत होते, त्यांनी ते माझ्यावर टाकलंच नव्हतं.

आबा बराच वेळ तो आवाज चढवत-उतरवत बसले. सीनियरचं काम खोळंबलं होतं, तरी ती त्यांच्याशेजारी दिवा धरून उभी राहिली. या माणसांचे उपकार मी कधीच विसरणार नाही.