दोन बँडचा सेट आणि चमकीचा हार

आमच्या गाडीत डॅशबोर्डखाली दोन बँडचा हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी बोलायचा सेट, बसवलाय, आणि त्याचं कौतुक करायला मी कोणाच्या बापाला भीत नाही. एक बँड लांबच्यांसाठी, दुसरा जवळच्यांसाठी, आणि दोन्हीकडचं एकाच वेळी ऐकू येतं. लायसन्स माझ्याकडे आहे, नवऱ्याकडेही आहे. सासरचं गाव पांढरकवड्याच्या आतल्या भागात. तिथं मोबाइलची रेंज म्हणजे रुसलेला जावई, कधी येईल अन् कधी जाईल, नेम नाही.

यंदा दसऱ्याला तिथंच होतो. दुपारी धाकटे दीर सोयाबीनच्या ढिगावरची ताडपत्री काढायला गेले आणि पायाला साप चावला. घोणस! घरात एकच आकांत. फोन लावला, तर रेंज गायब. त्यात रात्रीच्या पावसानं नाल्यावरचा रपटा, तो बुटका पूल, खचलेला. माणूस चालत पलीकडे जाईल, गाडी जाणार नाही. खाटेवर उचलून नेलं तरी पलीकडे अँब्युलन्सच नसली तर काय करायचं?

नवरा म्हणाला, "तू गाडी टेकडीवर घे. मी हातातला सेट घेऊन याच्यासंगं नाल्यावर जातो."

सासूबाई माझ्याबरोबर गाडीत बसल्या. टेकडीवरून मी यवतमाळच्या एका रिटायर्ड मास्तरांना हाक मारली. ते आमच्याच छंदातले, दिवसभर सेट चालू ठेवून बसणारे. एरवी इथून त्यांच्याशी सहज बोलणं होतं. आज उत्तरच नाही. मी पुन्हा हाक मारली.

बोलताना सेटवरची ताकद दाखवणारी पट्टी अर्धीसुद्धा भरत नव्हती. अँटेनात गडबड असली की हा सेट स्वतः जळू नये म्हणून आपली ताकद आपसूक कमी करतो. खाली उतरून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सकाळी गाडीची पूजा करताना सासूबाईंनी अँटेनाला बुडापासून शेंड्यापर्यंत चमकीचा हार गुंडाळला होता, आत बारीक तार असलेला.

"आई, हा तोडावा लागेल."

"दसऱ्याचा हार?" त्या गाडीतून खाली उतरल्या. "तोड माय! माह्या पोरापुढं कायचा हार!" आणि त्यांनी स्वतःच तो ओरबाडून काढला.

पुन्हा बटण दाबलं. पट्टी फुल्ल! "ऐकतोय, बोला," मास्तरांचा खणखणीत आवाज आला. देवाशप्पथ, इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही! मी भडाभडा सगळं सांगितलं. त्यांनी तिथून फोन करून अँब्युलन्स हलवली. मग एका बँडवर मास्तर सांगत, गाडी कुठवर आली, आणि दुसऱ्या बँडवर मी ते नवऱ्याला सांगे. सासूबाईंनी माझा दंड असा धरला होता की वळ उठले.

शेवटी नवरा ओरडला, "दिसली! गाडी दिसली!"

दुसऱ्या दिवशी दीर दवाखान्यात उठून बसले आणि चहा मागितला. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन वेळेत मिळालं म्हणून वाचले. मी वॉर्डातच ओरडले, "जिंकलो रे!"

नर्सबाई धावत आल्या. "काहून ओरडून राह्यल्या, बाई? दवाखाना आहे हा."

"ओरडणारच!" मी म्हटलं. "माझा दीर जिता आहे!"

आणि सासूबाई माझ्याहून मोठ्यानं ओरडल्या.