काशीराम परबचं मत

कांदिवलीतला कारखाना मालकाने गुजरातला हलवला आणि काशीराम परब घरी बसला. “भय्यांनी आमची कामं खाल्ली,” असं तो म्हणू लागला. त्यांना हाकलू म्हणणाऱ्या पक्षालाच त्याने मत दिलं.

पुढे बोरीवलीत त्याला जास्त पगाराची नोकरी लागली. पुन्हा निवडणूक आली तेव्हा बायको सुलक्षणा म्हणाली, “अहो, आता काम आहे ना? मग मत पुन्हा त्या पक्षालाच कशाला?”

“कामाचं नाही गं. ती माणसंच नकोत मला इथे.”

संध्याकाळी पक्षाची पोरं चाळीत आली. “काका, भय्ये कुठल्या खोलीत राहतात?”

काशीरामने शांतपणे शेजारचं दार दाखवलं. पोरं ते दार लाथेने ठोकू लागली, तशी आत लहान मूल रडायला लागलं. काशीराम तिथेच बघत उभा राहिला. सुलक्षणा त्याच्याकडे बघत होती.