तीनशे दिवस धूप

आमच्या घरात उन्हाला धूप म्हणतात. चार पिढ्या बनारसमध्ये काढल्यावर मराठीत एवढी भेसळ होणारच. दूधविनायकाच्या गल्लीत भाजी घ्यायची तर हिंदी, भांडायचं तर हिंदी, आणि जिना चढून वर आलं की मराठी, असा आमचा नेम. त्या जिन्यावर दोन्ही भाषा एकमेकींना धक्के देतात आणि काही शब्द इकडचे तिकडे होतात.

म्हणूनच माझ्या थोरल्या भावाने पुण्याच्या मावसबहिणीला फोनवर सांगितलं, की आम्ही स्पेनच्या किनाऱ्यावर घर बघतोय, तिथे वर्षातले तीनशे दिवस धूप असते, तेव्हा ती म्हणाली, "इतकी पूजा कोण करतं रे तिथे?"

मी पोट धरून हसले. दादा हसला नाही. प्रकरण गंभीर आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दादा बँकेतून निवृत्त झालेला, वहिनीचे गुडघे गेलेले, एकुलती एक मुलगी हॉलंडमध्ये नोकरीला. मी दादाची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, खालच्या दोन खोल्यांत राहते. गेल्या वर्षी भाचीने आईबापांना दहा दिवस भूमध्य समुद्राच्या काठी फिरवून आणलं. लोक अशा प्रवासातून फ्रिजला चिकटवायचं काहीतरी आणतात. दादाने तिथल्या एका घरं विकणाऱ्या दलालाचं गुळगुळीत कागदाचं पुस्तक आणलं, आणि ते दादालाच चिकटलं.

रोज संध्याकाळी त्या पुस्तकाचं वाचन. वहिनीला इंग्रजी येत नाही, म्हणून मी पुराणिक. पानोपानी पांढरी घरं, निळ्या खिडक्या, लिंबाचं एक झाड, आणि हातात पेले घेऊन हसणारं एक म्हातारं जोडपं. प्रत्येक पानावर तेच दोघे. त्यांना एवढं हसायला काय झालं होतं ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. मासे ताजे, शेजारी प्रेमळ, हवा औषधी. सगळ्यात मोठ्या अक्षरात काय, तर दक्षिणाभिमुख गच्ची. वहिनीने मला ते दोनदा वाचायला लावलं. दक्षिणेकडे तोंड असलेलं घर इथे कुणी फुकट दिलं तरी घेणार नाही, आणि तिकडे त्याची जाहिरात करतात, हे काही तिच्या पचनी पडेना. दादा म्हणाला, तिथे धूप दक्षिणेकडूनच येते. यम कुठून येतो ते पुस्तकात दिलेलं नव्हतं.

आणि हे सांगणारा माणूस कोण, तर मे महिन्यात कुणी खिडकी उघडली की घर डोक्यावर घेणारा. बँकेत जाताना काळी छत्री, खिशात कांदा, दारावर वाळ्याचा ओला पडदा. धूप लागू नये म्हणून ज्याने जन्मभर एवढा खटाटोप केला, तो आता ती विकत घ्यायला समुद्र ओलांडणार होता. मी हे त्याला दिवसातून दोनदा ऐकवत असे. अमृतराव घाटापासून आमच्या बालाजी घाटापर्यंत दर दुसऱ्या घरात गंगादर्शनाच्या खोल्या निघाल्यात, तिथे हेच गोरे लोक मोक्षाची चौकशी करत उतरतात, आणि आमचा हा मोक्ष सोडून धूप शेकायला निघालाय, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले. लोक हसत. मला आणखी जोर चढे.

खरं सांगायचं तर मला राग आला होता, आणि त्या रागाखाली भीती होती. हे दोघे गेले तर मी मराठी कुणाशी बोलायची? गल्लीतल्या मराठी घरांतली पोरंसुद्धा आता हिंदीतच उत्तर देतात. 'अगं, चहा टाकलास का' असं वरून रोज ओरडणारा माणूस गेला, तर माझी भाषा माझ्याच तोंडात वाळून जाईल. हे मी कुणाला बोलले नाही. टिंगल करणं सोपं होतं, ती केली.

पौषात दलालाचा फॉर्म आला. सकाळचे नऊ वाजले होते, बाहेर धुकं, घरात दिवा लावलेला. दादा शाल गुंडाळून माझ्याकडे खाली आला. नाव, वय, किती खोल्या, असं भरत भरत आम्ही एका प्रश्नाशी आलो. घर कशासाठी हवं आहे? सुट्टीसाठी, भाड्याने देण्यासाठी, निवृत्तीनंतर राहण्यासाठी, की इतर? 'इतर'पुढे कारण लिहायला एक ओळ मोकळी.

दादाने बराच विचार केला. मग म्हणाला, "इतरवर खूण कर. लिही, धूप."

मी पेन खाली ठेवलं. इथे एक गोष्ट सांगायला हवी. महाराष्ट्रातून दरवर्षी काही म्हातारी माणसं आमच्याकडे काशीवासाला येतात. गावचं सगळं आवरायचं, घाटाजवळ खोली घ्यायची, आणि गंगेच्या काठी शेवटाची वाट बघत राहायचं. त्यातली बरीचशी चैत्रात लूचा पहिला गरम वारा सुटला की परतीचं तिकीट काढतात. 'आले मरायला आणि कूलर मागतात', हा दादाचा त्यांच्यावरचा ठेवणीतला विनोद. मी तोच त्याच्यावर उलटवला.

"दादा, सरळ काशीवास लिहू का? म्हातारपणी सगळं विकायचं, पाण्याकाठी खोली घ्यायची आणि वाट बघत बसायचं. फरक एवढाच, की तिथे मेलास तर मुक्तीही मिळायची नाही."

मला वाटलं, चिडेल. तो चिडला नाही. त्याने फॉर्मची नीट घडी घातली, आणि उठता उठता म्हणाला, "ठीक है, रहने दो."

घरात माझ्याशी तो हिंदीत बोलला, ती पहिलीच वेळ.

तरी दोन दिवस मी खुशीत होते. गुळगुळीत पुस्तक वहिनीच्या लोणच्याच्या बरणीखाली गेलं. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी चुडा-मटरसाठी, म्हणजे इथल्या मटार-पोह्यांसाठी, मटार सोलत बसलो होतो. वहिनी वर न बघता म्हणाली, "वन्सं, तुम्हाला खरंच वाटलं यांना धूप हवी होती?"

मग तिने सांगितलं. किनाऱ्यावरच्या शेवटच्या दिवशी पोर बापाला म्हणाली होती, की तिच्या गावाहून इथे यायला विमानाने जेमतेम अडीच तास लागतात. तुम्ही इथे असता तर दर महिन्याला शनिवार-रविवार आले असते. बनारसला ती तीन वर्षांतून एकदा येते. तिच्या घरी जाऊन राहावं, तर एक खोली, शिडीसारखा जिना आणि बारमाही पाऊस. "धूप हवी आहे ती तिला," वहिनी म्हणाली. "यांचा हिशेब सरळ होता. धूप असेल तिथे पोर येईल."

मी मटार सोलत राहिले. मला माझी लाज वाटली.

त्या रविवारी अकरा वाजता धुकं फाटलं. दादा बालाजी घाटाच्या पायरीवर बसून मुलीशी फोनवर बोलत होता. मी दोन पायऱ्या वर उभी होते. तिच्याकडे अजून उजाडलंही नव्हतं, पडद्यावर पिवळ्या दिव्याखालचं तिचं तोंड तेवढं दिसत होतं. ती म्हणाली, "बाबा, धूप दाखवा ना." दादा गुडघ्यावर हात टेकून उठला आणि त्याने फोन सूर्याकडे धरला. तिला पांढऱ्या डागाखेरीज काही दिसलं नसणार. तरी तो हात वर करून तसाच उभा राहिला.

मी घरी आले. वर जाऊन बरणीखालचं पुस्तक काढून खाली आणलं. मुखपृष्ठावरच्या पांढऱ्या घरावर तेलाचं गोल कडं उमटलं होतं. आत फॉर्मची घडी. मी चष्मा लावला, 'इतर'वर खूण केली. मुलींना जन्मभर सांगत आले, की एका वाक्यात उत्तर लिहा. मी इंग्रजीत एकच शब्द लिहिला, मुलगी.

जिन्यावर पावलं वाजली, वरचं दार लागलं. मी पायरीशी जाऊन हाक मारली, "दादा, सही करायला खाली येतोस का?"

वरचं दार पुन्हा उघडलं. मग वरून आवाज आला, "आलो गं."