पाण्याखालची गाडीवाट

जळोचीच्या शिवारात कालव्यावर एकच अरुंद पूल होता. त्यावर बैलगाड्या अडकायच्या आणि बारामतीहून आगगाडी भाजी न घेताच सुटायची. म्हणून १९३६च्या उन्हाळ्यात, कालवा कोरडा असताना, त्याच्या पोटाखालून गाडीवाट काढली. वरच्या दगडी कमानीचा चुना छबूबाईनं मळला होता. वीस वर्षं ती चुना दळायच्या घाणीवर होती.

दुपारी कालव्याला पाणी सुटणार होतं. त्याआधी कमानीखालचे लाकडी टेकू काढायचे होते, आणि अल्लाबक्ष मिस्त्री हातोड्याला हात लावेनात.

"आठ दिस थांबू, छबूबाई. चुना कच्चा असंल."

"पाणी थांबतंय व्हय तुमच्यासाठी?" तिनं पायातलं जोडवं काढलं आणि दगडांच्या सांध्यावरून दाबून ओढलं. "बघा, ओरखडा तरी उठला का? गुळाचं पाणी न् हिरडा घालून मळलाय. लाडू न्हाय ह्यो, फुटायला."

"कमान खाली आली तर नाव माझं जाईल."

"न् माझा जीव. मी खालीच बसते."

ती खरंच बसली. मिस्त्रींनी एकेक टेकू पाडला. कमान हलली नाही.

दुपारी डोक्यावरून पाणी घोंगावत गेलं. छबूबाई खाली मिरची-भाकर खात होती. बाहेर गाड्यांची रांग लागली, पण आत कुणी शिरेना. तेव्हा अल्लाबक्ष आत आले. भिंतीवरून हात फिरवला, तो कोरडाच राहिला.

"सरका थोडं," म्हणत ते तिच्याशेजारी टेकले.

तिनं अर्धी भाकर त्यांच्या हातावर ठेवली आणि पहिल्या गाडीवानाला हाक दिली, "सोपान, घाल गाडी आत. नीट हाक, आमी कडंला जेवतोय."