ताई ज्या भाचीचं नाव सांगायची

फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होतो, नागोठणं जवळ आलं होतं. सुमनताई गेली. हृदयाचा झटका. त्याला महिना झाला. तिच्याबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल लिहावं लागतंय, म्हणून हात अडत होता...

माझी ही थोरली बहीण रोह्याजवळ वरसेत आशा कार्यकर्ती होती. एचपीव्हीच्या लशीसाठी दारोदार फिरायची; गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पुढे होऊ नये म्हणून पोरींना आताच द्या, असं आयांना समजवायची. माझ्या मुलीसाठी, सईसाठी, पेणला आमच्या घरी आली. मला मात्र सगळ्यातच काळंबेरं दिसायचं. फुकट का देतात? पोरींनाच का? उद्या मूल झालं नाही तर? मोबाईलवर आलेलं सगळं मी खरं मानलं, बहिणीचं सोडून. शेवटी कटकट नको म्हणून फोनवर सांगून टाकलं, "दिली गो ताय, हितंच पेणला." सईलाही तसंच सांगायला लावलं. "बरा केलास," ताई म्हणाली... इतकी खूश.

त्या खोट्याचं पुढे काय झालं, ते तिच्या बाराव्याला कळलं. ताईला मूल नव्हतं. "तुज्या घरातल्या पोरीला दिलीस काय?" असं बाया तिला तोंडावर विचारायच्या, तेव्हा ती सईचं नाव सांगायची. शेजारची मंदा मला म्हणाली, "आमाला पन संशय होता ओ. पन सख्ख्या भाचीला कोन वायट टोचील? म्हनून माज्या दोघी गेल्या." मी मान खाली घातली. ताई खोटी पडू नये म्हणून गप्प बसलो, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे घाबरलो.

वरसेतल्या आयांनो, ताई तुमच्याशी खोटं बोलली नाही. खोटं मी बोललो. तुमच्या पोरींचं तुम्ही चांगलंच केलंत. माझीच तेवढी राहिली होती.

गेल्या सोमवारी सईला रोह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. माझे सगळे संशय डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतले. मूल न होण्याशी या लशीचा काही संबंध नाही, म्हणाल्या. सुई टोचल्यावर नर्सनं बाहेरचा बाक दाखवला. "सुमनताई प्रत्येक पोरीला इथं अर्धा तास बसवायच्या. चक्कर आली तर सावरायला स्वतः शेजारी." मी सईशेजारी बसलो.

"आत्यानं तेव्हा फोनवर विचारलेलं, हात दुखतोय काय. मी व्हय म्हटलं. तुम्ही सांगितलेलं म्हणून."

तिनं दंड दाबून धरला होता.

"आता खराच दुखतोय, बाबा."