गणपतच्या ऑपरेशनाची वरात

मुलाच्या ऑपरेशनाला मी घोडा कशाला नेला, याचं सरळ उत्तर मला आजवर देता आलेलं नाही.

तेव्हा आम्ही वाशीमच्या बाजारात माळवं विकायचो. (राज्य इंग्रजांचं होतं, वांग्यांना त्याचं काही नव्हतं.) आमचा गणपत बारा-तेरा वर्षांचा. लघवीला गेला की डोळ्यांत पाणी घेऊन परत यायचा. पुढे पुढे तर भीतीने पाणीच पिईना. चेहरा पार सुकला. शेवटी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, त्याला बाहेर बसवलं आणि मला घाईघाईत सांगितलं, "पुढची कातडी घट्ट आहे, सारखी पिकते. मलमाने भागणार नाही, काढावीच लागेल. मुसलमान मुलांची सुंता करतात ना, तेच. सोमवारी आणा. आणि मुलगा जाणता आहे, त्याला आधी सगळं नीट समजावून सांगा!"

मी मान हलवली. सोमवार तेवढा लक्षात राहिला.

घरी बायको हबकलीच. "काहून हो, पोराचा धरम जाईन काय?"

"बिमारीचं ऑपरेशन हाय. धरमाले काही होत नाही म्हनते डाक्टर."

"मंग त्याले सांगतलं काय?"

"तू सांग."

"मी? बापाचं काम हाय ते!"

हा वाद रविवारपर्यंत चालला. गणपतला कोणीच काही सांगितलं नाही.

शेजारी करीमभाई टांगेवाले राहायचे. त्यांच्या तिन्ही मुलांची सुंता झालेली. अक्कल घ्यायला मी त्यांच्याकडे गेलो, पण ऑपरेशनाचं बोलायची लाज वाटली. म्हणून नुसतंच विचारलं, "करीमभाई, तुमच्यात पोराचं कसं करता?"

करीमभाई खुलले. "नवे कपडे शिवाचे, गळ्यात हार घालाचा, घोड्यावर बसवाचं, सगेसोयरे बलवाचे, मिठाई वाटाची! अन् मंग सैल लुंगी नेसवाची, आठ-दहा रोज पोराले धावू-कुदू द्याचं नाही, जखम साफ ठेवाची."

आता यातलं औषध कोणतं आणि हौस कोणती, हे मला कसं कळावं? एखादी गोष्ट राहिली आणि जखम चिघळली तर? मी सगळंच करायचं ठरवलं!

"घोडा पाहिजे," मी म्हटलं.

करीमभाई म्हणाले, "ले जाओ भाऊ. तुमची मर्जी."

सगेसोयरे म्हणजे आधी मामा. मेडशीच्या साळ्याला निरोप धाडला, "गणपतचं कार्य हाय, लवकर या." (दुसऱ्याच्या तोंडी याहून जास्त काय पाठवणार?) रविवारी संध्याकाळी साळा बैलगाडीभर माणसं, एक डफडेवाला आणि बाशिंग घेऊन हजर!

"भाऊजी, मामाले न इचारता सोयरीक? पोरगी कोनाची?"

"पोरगी नाही."

"मंग काय हाय?"

"डाक्टर हाय."

"पोरगी डाक्टर हाय!" साळा मटकन खाली बसला.

मी समजवायला तोंड उघडलं, तोवर ही बातमी विहिरीपर्यंत पोचली होती. सोमवारी सकाळी गणपत घोड्यावर बसला, मामाने बाशिंग बांधलं, डफडं सुरू झालं. बायाबापड्यांनी तांदूळ टाकले.

"बाबा, माह्यं लगन हाय काय?" गणपतने वरून विचारलं.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "अं... तसंच समज." (जन्मात इतकं बावळट वाक्य मी दुसरं बोललो नाही.)

डफडं ऐकून डॉक्टर दवाखान्याच्या दारात आले. "नवरदेवाला इकडे कुठे आणलंत?"

"हाच पेशंट हाय जी."

"याला सांगितलंत ना सगळं?"

मी बायकोकडे बघितलं, बायकोने भावाकडे, भावाने घोड्याकडे. गणपत काय ते समजला. त्याने घोड्याच्या मानेला मिठी मारली. "मी नाही उतरत!"

पोरगं असंच परत गेलं तर पुन्हा तीच आग, तेच रडणं.

"उतर रे बाप्पा! शेव देतो, नवी टोपी देतो!"

"बाबा, तुमी चूप राहा!"

डॉक्टर घोड्याजवळ आले. या वेळी मात्र सावकाश बोलले. "गणपत, सुई टोचून तेवढी जागा बधिर करीन. सुई दुखेल. नंतर काही दिवस झोंबेल. जखम भरली की लघवीचा त्रास जाईल. तुझं नाव, घर, धर्म, सगळं आहे तिथेच राहील."

"मंग पानी पेता येईन?"

"हवं तेवढं."

गणपत उतरला. बाशिंग सोडून मामाच्या हातात दिलं, हार माझ्या गळ्यात टाकला आणि म्हणाला, "आधी सांगतलं असतं तं मी पायी आलो असतो."

त्याचा हात धरायला डॉक्टरांनी मला आत घेतलं. ताटलीतली कात्री दिसली. पुढचं मला आठवतं ते छत! पडताना कपाळ बाकाच्या कोपऱ्यावर आपटलं होतं. गणपतने ऑपरेशनात हूं की चूं केलं नाही. माझ्या कपाळाला टाके घालताना मात्र मी असा ओरडलो की बाहेर घोडा खिंकाळला.

परतताना गणपत सैल लुंगी नेसून बैलगाडीतल्या कडब्यावर आडवा. तांब्यातलं पाणी पोटभर पीत होता, आणि ते बघून मला रडूच आलं. मी गाडीत चढायला गेलो तर बायकोने अडवलं. "तुमी पोराच्या अंगावर पडान!" घोडा तर परत न्यायचाच होता. निघालो! डोक्याला पांढरी पट्टी, गळ्यात हार, घोड्यावर मी. डफडेवाल्याला थांब म्हणायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

वेशीपाशी एक म्हातारा बघतच राहिला. "बाप्पा! या वयात?" ऑपरेशन माझंच झालं, ही बातमी त्याच संध्याकाळी विहिरीपर्यंत पोचली.

गणपतला आता नातवंडं आहेत. पण गावात कोणाच्या पोराला डॉक्टरांनी हे ऑपरेशन सांगितलं, की आईबाप अजून माझ्याकडेच येतात. मी सांगतो, पोराला आधी सगळं खरं सांगा, कपडे सैल घाला, जखम जपा, घोडा मुळीच नको. ते माना हलवतात. मग बाई बाहेर गेली की बाप जवळ सरकून विचारतो, "तात्या, तुमाले लई दुखलं काय हो?"

आता काय सांगणार! मी कपाळावरची खूण चोळतो आणि म्हणतो, "डोकं तेवढं दुखलं."